आदल्या रात्रीचे वाङ्मय

शर्यतीविषयी लिहिणाऱ्या लेखकांची एक खोड अशी की, त्यांस शेवट फार प्रिय असतो. धावणारा कोसळतो, जिंकतो, अथवा ऐन रेषेपाशी मागे पडतो. या तिहींपैकी एखादा प्रसंग हाती लागला की लेखणीला भरते येते. त्याखालोखाल मान आरंभाचा. परंतु आरंभाच्याही आधी एक रात्र असते. त्या रात्री काहीच घडत नाही. धावणारा सकाळचे कपडे खुर्चीवर मांडून ठेवतो, छातीवरचा क्रमांक टाचण्यांनी सदऱ्यास अडकवितो, लवकर जेवतो आणि अंथरुणावर पडून राहतो. झोप येतेच असे नाही. घटनेच्या अभावी ही रात्र कथाकाराच्या उपयोगाची नाही, आणि म्हणून ती बहुधा गाळली जाते. आमचे म्हणणे असे की, दीर्घ दौडीचा खरा वाङ्मयीन आशय या गाळलेल्या रात्रीतच आहे. आणि ज्या लेखकाला तिचे मर्म सापडले नाही, त्याला धावण्याचेही मर्म पुरते सापडले असे म्हणता येणार नाही.

हा विचार निव्वळ पुस्तकांवरून सुचलेला नाही, हे प्रथमच सांगणे बरे. तिशी उलटल्यावर, कचेरीतील खुर्चीने पाठ धरल्यावर, आम्ही धावू लागलो. आमचे बिऱ्हाड जबलपूरच्या गढा भागात. तिलवारा घाटाकडे जाणारा रस्ता हा आमच्या सरावाचा रस्ता. पुरी मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर, धावण्याचा योग प्रथमच आला, त्याच्या आदल्या रात्री भीतीने जीव अर्धा होईल अशी आमची अटकळ होती. प्रत्यक्षात आम्ही शांत होतो, आणि त्या शांततेत कोणाकोणाची आठवण येऊन मन भरून येत होते. या दोन गोष्टी एकत्र का याव्यात, हे कोडे उलगडण्यासाठी फडताळातील काही पुस्तके पुन्हा उघडली. त्या पुनर्वाचनाचे हे टिपण आहे.

मॅरेथॉनची म्हणून जी कथा जगभर सांगितली जाते, तिच्यापासूनच आरंभ करू. इ. स. पूर्व 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सचा जय झाला. फिडिपिडीस नावाचा दूत ती वार्ता घेऊन धावत नगरात आला आणि ती सांगून गतप्राण झाला. या कथेवर इंग्रज कवी ब्राउनिंग याने 1879 मध्ये काव्य रचले. पुढे मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून 1896 च्या अथेन्समधील ऑलिंपिक सामन्यांत याच आठवणीची शर्यत ठेवण्यात आली. परंतु त्या युद्धानंतर अर्धशतकाच्या आसपास इतिहास लिहिणारा हिरोडोटस ही कथा सांगतच नाही. त्याचा दूत धावतो तो युद्धाच्या आधी, आणि धावतो स्पार्टाकडे, साहाय्य मागण्यासाठी. अंतर सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर. मृत्यूची कथा पुष्कळ नंतरच्या लेखकांची. प्लुटार्क तर ती दुसऱ्याच माणसांच्या नावावर घालतो.

हिरोडोटसच्या वृत्तांतात मात्र एक प्रसंग आहे, आणि तो बहुतेक आधुनिक लेखकांनी सोडून दिला आहे. दूत डोंगरवाटेने जात असता पॅन हा रानदेव त्याला नावाने हाक मारतो आणि विचारतो : अथेन्सच्या लोकांचे मी अनेकवार भले केले, पुढेही करणार आहे, असे असता त्यांना माझी आठवण का नाही? दूताने परतल्यावर हे सांगितले. युद्ध आटोपून सुस्थिती आल्यावर अथेन्सवासीयांनी आपल्या टेकडीच्या पायथ्याशी पॅनचे स्थान उभारले आणि वर्षाकाठी यज्ञ व मशालींची दौड असा त्याचा उत्सव चालू केला. म्हणजे, ज्या धावण्यातून ही सारी परंपरा निघाली, त्याच्या मुळाशी मृत्यू नसून कृतघ्नतेची एक तक्रार आहे, आणि त्या तक्रारीची भरपाईही लोकांनी दौडीनेच केली! हा आशय टाकून देऊन पुढील शतकांनी कोसळणारा दूत तेवढा उचलला. नाट्याच्या मोहाने आशयाची केवढी हानी होते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता आजच्या काळाकडे येऊ. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी स्वतःच्या धावण्याविषयी लिहिलेले पुस्तक 2007 साली प्रसिद्ध झाले व पुढल्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद आला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी धावू लागलेला हा लेखक 2005 च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनची तयारी करीत असता हे प्रकरणवार लेखन करतो. पुस्तकाचा गुण त्याच्या प्रामाणिकपणात आहे. 1983 च्या जुलैत भर उन्हात तो अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत, म्हणजे मूळ वाटेच्या उलट दिशेने, एकटा धावला. सर्व वाटभर ज्या थंडगार बिअरचे स्वप्न पाहिले, ती हाती आल्यावर स्वप्नाइतकी गोड लागली नाही, हे तो निःसंकोच सांगतो. स्नायूंना तो राबत्या जनावरांची उपमा देतो : हळूहळू ओझे वाढवावे, मग ती कुरकूर न करता वाहतात. धावताना मन रिकामे व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

ही शांतता खरी आहे. परंतु ती एकट्याची आहे. तीत शरीराशी केलेला करार आहे, दुसऱ्या माणसाशी असलेला संबंध फारसा नाही. कृतज्ञता या लेखकाला ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. वाटेत भेटलेल्या आणि मागे टाकलेल्या वा पुढे गेलेल्या सर्व धावकांस त्याने पुस्तक अर्पण केले आहे, आणि ते नसते तर आपण धावतच राहिलो नसतो असेही म्हटले आहे. प्रश्न हा की, हे तो कोठे म्हणतो? उपसंहारात, सर्व काही संपल्यावर. शेवटच्या पानावरील आभार हे ग्रंथाच्या रचनेत सोयीचे खरे, पण ते अनुभवाच्या रचनेत शिरत नाहीत. उपसंहारातील कृतज्ञता आणि आदल्या रात्रीची कृतज्ञता यांत भेद आहे. पहिलीस निकाल ठाऊक असतो. दुसरीस तो ठाऊक नसतो. जे अजून मिळालेलेच नाही त्याबद्दल ती नसतेच मुळी. म्हणूनच ती अधिक शुद्ध.

या विधानावर एक आक्षेप संभवतो, आणि तो एका श्रेष्ठ कथेच्या रूपाने आपल्यापुढे उभा आहे. ॲलन सिलिटो या इंग्रज लेखकाची लांब पल्ल्याच्या धावपटूच्या एकाकीपणावरील दीर्घकथा 1959 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक स्मिथ हा बेकरीतील चोरीपायी किशोर गुन्हेगारांच्या सुधारशाळेत आलेला, कामकरी वर्गातला मुलगा. तेथील प्रमुखास आपल्या संस्थेकरिता करंडक हवा आहे; म्हणून स्मिथला पहाटे एकट्याने धावण्याची मोकळीक मिळते. एवढ्या उपकाराची फेड त्याने शर्यत जिंकून करावी, अशी अपेक्षा आहे. स्मिथ सर्वांच्या पुढे असता रेषेच्या अलीकडे मुद्दाम थांबतो आणि हरतो. जिंकावयाचे नाही हे त्याचे आधीच ठरलेले आहे. त्यामुळे त्याच्या ठायीही एक शांतता आहे, आणि ती कृतज्ञतेतून नव्हे, तर कृतज्ञता नाकारण्यातून आली आहे. मग आमच्या सिद्धांताचे काय?

आमच्या मते ही कथा सिद्धांताला बाध आणीत नाही. त्याची मर्यादा आखून देते. अधिकाऱ्याने वसूल करावयाची कृतज्ञता ही कृतज्ञता नव्हेच, ती खंडणी होय. ज्याने दिले त्याने हिशेब मांडला की घेणाऱ्याचे मन कोरडे पडते. कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. स्मिथने झुगारली ती ही खंडणी, आणि ती झुगारल्याने तो स्वतःशी प्रामाणिक राहिला. तेव्हा एवढे निश्चित झाले की, जी कृतज्ञता मागावी लागते ती शांतता देत नाही. आजकाल झोप यावी म्हणून निजण्यापूर्वी कृतज्ञतेचा पाठ करावा असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. तोही याच जातीचा. तेथे वसूल करणारा आपणच असतो, इतकाच फरक.

तर मग खरी कोणती? येथे परक्या ग्रंथांपेक्षा आपला शब्दच अधिक मदत करतो. कृतज्ञता म्हणजे कृत जाणणे. जे केले गेले आहे ते ओळखणे. आभार, धन्यवाद, उपकारस्मरण हे सर्व नंतरचे. मूळ अर्थ ज्ञानाचा आहे. आता दीर्घ दौडीच्या तयारीचे स्वरूप पाहावे. शेवटचे दोन-तीन आठवडे धावणे उत्तरोत्तर कमी करावयाचे असते, कारण त्या अवधीत केलेला जादा सराव अंगी लागण्यास वेळच उरत नाही. उलट थकवा तेवढा पदरी पडतो. आदल्या रात्री तर करण्यासारखे काहीच शिल्लक नसते. जे व्हावयाचे ते महिनोन्‌महिन्यांच्या पहाटांत होऊन गेलेले असते. करणे थांबते, आणि केलेले दिसू लागते. हे 'केलेले' पाहताच मनुष्याला प्रथम शांतता येते. आणि ते कोणी कोणी केले, असा प्रश्न पडताच कृतज्ञता येते. दोहोंचा उगम एक आहे. म्हणून त्या एकाच रात्री भेटतात.

रसचर्चेच्या भाषेत बोलावयाचे तर शांतरसाचा स्थायीभाव मम्मटाने निर्वेद मानला, अभिनवगुप्ताने तत्त्वज्ञान मानले. आदल्या रात्रीची शांतता निर्वेदाची खचित नव्हे. ज्याला पहाटे उठून चार-पाच तास घाम गाळावयाचा आहे, त्याला विरक्ती परवडत नाही. त्याच्या ठायी उत्साह, म्हणजे वीररसाचा स्थायीभाव, जागाच असतो. ही ज्ञानाची शांतता आहे, मग ते ज्ञान कितीही लहान असो. अभिनवगुप्ताचा पक्ष येथे अधिक जवळचा वाटतो.

उलट उदाहरणाने ही गोष्ट आणखी स्पष्ट होईल, आणि ते उदाहरण आमच्या दारातच आहे. गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. मदनमहाल आजही आमच्या टेकडीवर उभा आहे. 1564 मध्ये आसफखानाची मोगल फौज राणी दुर्गावतीच्या राज्यावर चालून आली. अबुल फझलने 'अकबरनाम्या'त दिलेला वृत्तांत असा की, नर्रईच्या अडचणीच्या जागी पहिल्या दिवशी राणीचा जय झाला; रात्रीच छापा घालावा, नाही तर सकाळी शत्रू तोफा आणील, असे तिने सरदारांस बजावले; सरदारांनी ते मानले नाही. सकाळी तोफा आल्या. राणी बाणांनी घायाळ झाली आणि शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून तिने स्वतःच प्राण दिला. तिच्या अखेरच्या दिवसावर कविता, नाटके, कादंबऱ्या लिहिणारे पुष्कळ झाले, आणि हौताम्यापाशी सर्वांची लेखणी स्थिरावते. परंतु या चरित्राचा गाभा आमच्या मते त्या आदल्या रात्री आहे. काय करावयास हवे ते ठाऊक आहे, आणि ते केले जात नाही! ज्या रात्री 'कृत' अपुरे राहते, ती रात्र शांत असू शकत नाही. राणीचे धैर्य सकाळी दिसले. तिची शोकांतिका रात्रीच पुरी झाली होती.

यावर कोणी विचारील की, मराठी वाङ्मयात या रात्रीला काही स्थान आहे काय? धावण्याचे वाङ्मय आपल्याकडे विरळ. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीहून लांब, 42 किलोमीटर 750 मीटरांचा होता. 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत तो पुरा करून त्यांनी एकोणिसावे स्थान मिळविले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील सामन्यांत खेड्यापाड्यांतील तरुणांचे धावणे पाहून दोराबजी टाटांनी जी चळवळ केली, तिचे हे फळ. आमच्या सीमाभागातील एका माणसाने समुद्र ओलांडून परक्या गावी काढलेली ती 21 ऑगस्टची रात्र! नोंदवहीने स्थान आणि वेळ राखली. रात्र राखणे हे नोंदवहीचे काम नव्हे, ते कादंबरीकाराचे. शंभर वर्षे उलटून गेली, तरी हा विषय ताजा आहे.

परंतु धावण्याऐवजी चालणे घेतले तर मराठी एकदम श्रीमंत होते. आणि येथे आम्ही ग्रंथांच्या आधी आचाराकडे बोट दाखवू. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीस होते. पण त्या दिवशी पालखी आळंदी सोडीत नाही. देवळातून निघून ती गावातच, आजोळघरी, मुक्कामास राहते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट धरते. निघून झाले आहे, आणि अजून येथेच आहे! जुन्या घरांतही मुहूर्त आधीचा आणि प्रवास नंतरचा असला म्हणजे वस्त्र, सुपारी असे काही शेजारच्या घरी नेऊन 'प्रस्थान ठेवीत'. खुर्चीवर मांडलेला क्रमांकाचा सदरा हे आमचे प्रस्थानच नव्हते काय? आदल्या रात्रीला इतके नेमके नाव देणारी भाषा आपली आहे, आणि तिच्या लेखकांनी ती रात्र गाळावी, हे आश्चर्य.

वारीवरील दोन श्रेष्ठ लेखनांकडे या दृष्टीने पाहावे. इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात दिंडीतील आनंद आहे, आणि त्याच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात याचे शल्यही आहे. कृतज्ञता डोळे झाकून येत नाही, हे या लेखाने दाखविले. सोबत चालणाऱ्यांचे ऋण मान्य करणारी बाई त्यांच्यातील भिंतीही मान्य करते, लपवीत नाही. दि. बा. मोकाशी 1961 मध्ये आळंदीहून पंढरपुरास चालत गेले. त्यांचे 'पालखी' हे पुस्तक 1964 मध्ये आले. मोकाशी भक्त म्हणून निघत नाहीत. ते पाहणारे, विचारणारे, संशय घेणारे आहेत. त्यामुळे त्यांच्या शांततेला किंमत येते; ती आयती नाही, पायांखालून मिळविलेली आहे. मुराकामी यांचा प्रामाणिकपणा आणि मोकाशी यांचा प्रामाणिकपणा एकाच जातीचा. पण मोकाशींच्या वाटेवर दुसरी माणसे बोलतात, आणि त्यांचे बोलणे हेच पुस्तकाचे अंग होते. आमच्या लेखी हा त्यांचा सरस गुण.

जबलपूरकर म्हणून अमृतलाल वेगड यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. नंदलाल बोस यांचा हा शिष्य चित्रकार 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेकाठी पायी निघाला आणि टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षे चालत राहिला. हिंदी व गुजराती या दोन्ही भाषांत त्यांनी ते लिहिले. 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात प्रत्येक मुक्काम ही उद्याच्या चालण्याची आदली रात्रच असते, आणि प्रत्येक रात्री कोणीतरी अनोळखी माणूस ओसरी देतो, शिधा देतो. परकम्मावासीयांस सदावर्त देण्याची या नदीकाठची रीत इतकी जुनी की, देणाऱ्याला ते देणे वाटत नाही. म्हणूनच वेगडांची कृतज्ञता उपसंहाराची वाट पाहत नाही. ती रोज रात्री, ताज्या पिठाच्या भाकरीबरोबर, पानावर येते. सिलिटोच्या स्मिथला असा एकही यजमान भेटला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही लेखक एकाच वेळी खरे कसे, हे कळते.

इतके लिहिल्यावर आमच्या त्या रात्रीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. आमच्या आळीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. आम्ही त्यांस काका म्हणत असू. लांब पल्ल्याच्या रविवारी ते आपल्या जुन्या सायकलीवर पाण्याची बाटली आणि मीठ-साखर घेऊन आमच्याबरोबर तिलवाऱ्यापर्यंत येत. का येता, असे आम्ही कधी विचारले नाही. त्यांनीही कधी सांगितले नाही. शर्यत पुरी झाली म्हणजे पेढे घेऊन त्यांच्याकडे जावे आणि मग चार शब्द बोलावे, असे आम्ही मनाशी योजिले होते. पावसाळ्यात ते वारले. शर्यत हिवाळ्यात होती.

त्या रात्री सदऱ्यास क्रमांक टाचताना हे सर्व स्वच्छ दिसले. आमच्या पायांत जे बळ होते त्यात त्यांच्या सायकलीचे किती मैल होते, हे मोजता येण्यासारखे नव्हते. पण ते होते, आणि आता कोणासही काढून घेता येणार नव्हते. दुःख झाले. तरीही मन शांत राहिले, कारण निकाल काहीही लागो, जे केले गेले ते केले गेले होते. उपसंहारात आभार मानू पाहणाऱ्या लेखकाविरुद्ध आमची तक्रार आहे ती याच अनुभवामुळे. तो स्वतः पोचेल. ज्याचे आभार मानावयाचे तो तेथवर असेलच याचा भरवसा काय? पॅन देवाने वाटेत अडवून विचारले म्हणून अथेन्सला आठवण झाली. माणसे असे अडवून विचारीत नाहीत.

मराठी लेखकांपाशी आमचे मागणे एवढेच : शर्यतीवर लिहावयाचे तर एखादे तरी पान या रात्रीला द्यावे. चौगुल्यांच्या अँटवर्पमधील रात्रीला द्यावे, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलीला द्यावे, पहाटे पालखीबरोबर निघणाऱ्या म्हातारीला द्यावे. तेथे घटना नसेल. पण जे घडले आहे त्याची जाण असेल, आणि ललित गद्याला याहून अधिक काय हवे?

आमच्या घरी पहाटे साडेतीनला दिवा लागला. रात्री उकडून ठेवलेली रताळी पत्नीने पुढे केली, आणि आम्ही, या खेपेस उशीर न करता, तिला जे सांगावयाचे ते सांगितले. पुढे आम्ही कसे धावलो, हे लिहिण्याचे कारण नाही. ते नोंदवहीत आहे.